कात्रीला जोडलेला दिवा

टेस्टरला भुतांची कामं फार आवडायची. पंखा बसवा, बोर्ड बदला, फ्यूज घाला ही रोजची रडगाणी, त्यात डोकं कुठे लागतं? पण कुणी दुकानाच्या पायरीशी येऊन, इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणालं की "अहो, आमच्याकडे दिवा आपोआप लागतो," की याची कळी खुललीच म्हणून समजा.

टेस्टर म्हणजे वायरमन. आईवडिलांनी नाव ठेवलं होतं, नाही असं नाही, पण शर्टाच्या खिशाला जन्मभर तो टेस्टर अडकवलेला, त्यामुळे सगळा रस्ता त्याला टेस्टरच म्हणायचा. बायको तेवढी 'अहो' म्हणायची. डोक्यावरचे केस गेले होते, तोंडाची टकळी मात्र गेली नव्हती. "भूत म्हणजे लूज कनेक्शन," असं तो छातीठोकपणे सांगायचा. एका घरातलं कुजबुजणारं भूत त्याने स्टॅबिलायझरमधून बाहेर काढलं होतं, दुसऱ्या घरात माळ्यावर चालणारं पाण्याच्या मोटरीतून. दोन्ही भुतं त्याने इतक्यांदा सांगितली होती की ऐकणारेच पुढचं वाक्य आधी म्हणायचे.

तर अशा या माणसाकडे एका दुपारी शिवणताई आली. ही चार घरं पलीकडे राहायची, कपडे शिवायची. गळ्यात मोजायची टेप, ओढणीला दोन टाचण्या, पन्नाशीला आलेली बाई. तिची आई नुकतीच गेली होती हे टेस्टरला माहीत होतं. भेटायला जाऊन आला होता, दारातच दोन शब्द बोलून.

"दादा, दिवा आपोआप लागतो," ती म्हणाली.

"स्पर्शाचा का? हात लावला की लागणारा?"

"हो."

"बंद करून देतो, काळजी सोडा."

"बंद नका करू," ती घाईने म्हणाली. "मला फक्त एवढंच सांगा, तो आपोआपच लागतो ना? दिव्यातच दोष आहे ना?"

आता ही तऱ्हाच वेगळी. लोक येतात ते दिवा बंद करा म्हणून येतात. हिला दिवा बंद नको होता, दोष हवा होता. टेस्टरने डोकं खाजवलं, पिशवी उचलली आणि तिच्यामागे निघाला.

घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पायाचं शिलाई मशीन, कापडांचे गठ्ठे, भिंतीला टांगलेले अर्धवट कोट, आणि मशीनशेजारी टेबलावर तो दिवा. पितळी बुडाचा, वर कापडी टोपी. बुडाला बोट लावलं की मंद लागायचा, पुन्हा लावलं की मध्यम, पुन्हा लावलं की लख्ख, आणि चौथ्या वेळी बंद. हे स्पर्शाचे दिवे ज्याने काढले ना, त्याला एकदा समोर बसवून विचारायला हवं की बाबा, साध्या खटक्याने तुझं काय घोडं मारलं होतं? पण ते राहू द्या.

टेस्टरने दिवा उचलून पाहिला, तर बुडाखालून एक तार निघालेली. तार टेबलावरून भिंतीकडे, भिंतीतल्या भोकातून आतल्या खोलीत.

"हे काय?"

शिवणताई त्याला आत घेऊन गेली. आतल्या खोलीत लाकडी पलंग होता, गादीवर स्वच्छ चादर, उशी एकच. पलंगाच्या कडेला एक भलीमोठी कापायची कात्री आडवी बांधलेली. पाती कापडात गुंडाळून शिवून टाकलेली, मुठी तेवढ्या उघड्या, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या. ती तार त्या मुठीला गुंडाळली होती.

"आईची कात्री," शिवणताई म्हणाली. "ती कटिंग करायची, मी शिवायचे. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिची वाचा गेली. घंटा बांधली तर मशीनच्या खडखडाटात ऐकू येईना, आणि बटण दाबायला बोटात जोर नाही. हात तेवढा उचलायची, तोही मुश्किलीने. मग मीच ही तार जोडली. तिने कात्रीवर हात ठेवला की माझ्यासमोर दिवा लागायचा. दुसरं काही तिने धरलं नसतं, कात्री मात्र बरोबर धरायची."

टेस्टर बघतच राहिला. जन्मभर तारांमध्ये घालवलेल्या माणसाला असलं काही सुचलं नसतं. "ताई, तुम्ही तर माझ्या पोटावर पाय आणाल," तो म्हणाला. ती हसली नाही.

"आता तुम्हाला सगळं सांगते," ती म्हणाली आणि पलंगावर नाही, बाजूच्या स्टुलावर बसली. "पहिले काही दिवस छान चाललं. दिवा लागला की मी जायचे. पाणी हवं असायचं, कूस बदलायची असायची. मग मग दिवा उगाचच लागायला लागला. मी धावत जावं, विचारावं, पाणी? नको. कूस? नको. पाय दाबू? नको. नुसती बघत राहायची माझ्याकडे. आणि हात बघावा तर कात्रीवर नसायचाच, बाजूला असायचा. मी म्हटलं, मग दिवाच बिघडलाय. एकदा तर मी तिच्यादेखत म्हणाले, 'मेला दिवा वेडा झालाय, मला दोन टाके धड घालू देत नाही.' तिने तोंड भिंतीकडे वळवलं."

टेस्टरने हातातली पिशवी खाली ठेवली.

"त्या दिवशी सकाळपासून तेच. दिवा लागला, गेले, काही नाही. पुन्हा लागला, पुन्हा गेले, काही नाही. एका गिऱ्हाइकाचा कोट द्यायचा होता, बाही बसत नव्हती, माझं डोकं फिरलेलं. दिवा परत लागला. मी..." तिने उजव्या हाताचा तळवा पुढे केला, जणू त्यावर काही चिकटलं होतं. "मी असा हात मारून मारून विझवला आणि बाही शिवत बसले. बाही झाल्यावर आत आले. गेली होती ती."

"आणि हात?" टेस्टरने विचारलं आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

"कात्रीच्या बाजूला. कात्रीवर नव्हता. पण लांबही नव्हता." तिने त्याच्याकडे पाहिलं. "आता घरात मी एकटी आहे. कात्रीला कुणी हात लावत नाही. तरी दिवा लागतो. लोक म्हणतात, आई येते. येऊ दे, तिची मला कसली भीती! पण तो आपोआप लागतो असं तुम्ही म्हणालात ना दादा, तर तेव्हाही आपोआपच लागत असेल. त्या दिवशीसुद्धा. मग ती हाक मारत असताना मी तिला सोडलं असं होत नाही. मला झोप लागेल."

एवढं सगळं एका दिव्यावर येऊन ठेपलं होतं.

"दिव्यातच दोष असणार," टेस्टर म्हणाला. "शंभर टक्के. काढतोच शोधून."

मोठ्या तोंडाने बोलला खरा, पण दोष काही सापडेना. प्लग उलटा करून पाहिला, दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिला, अर्थिंग तपासलं, झाकण उघडून आतली चकती पुसून लावली. फ्रीज लावला, बंद केला, परत लावला. मेन स्विच पाडून वर केला. दिवा ढिम्म. डॉक्टरसमोर खोकला थांबतो तसं त्याचं चाललं होतं. शिलाई मशीन पायाचं, त्याचा विजेशी संबंधच नाही. शिवणताई स्वयंपाकाच्या ओट्याशी चहा करत होती, टेस्टर तोंडात स्क्रू धरून दिव्यापासून हातभर लांब उकिडवा बसला होता, पिशवीत काहीतरी शोधत.

आणि दिवा लागला.

मंद, पिवळा. कुणी हात लावला नव्हता. टेस्टरच्या अंगावर सर्रकन काटा आला, तोंडातला स्क्रू जमिनीवर पडून घरंगळत गेला. भुतांची इतकी कामं केली, पण भूत असं समोर बसून कधी बघितलं नव्हतं. त्याने वळून पाहिलं तर शिवणताई ओट्याशी थिजलेली. तिने दिव्याकडे पाहिलंच नाही. ती आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

"विझवू?" टेस्टरने विचारलं.

"नको. त्या दिवसापासून मी हाताने विझवत नाही, रात्री प्लग काढते तेव्हाच विझतो. जळू दे."

चहा त्यांनी त्या दिव्याच्या उजेडात घेतला, बाहेर लख्ख दुपार असताना.

दुसऱ्या दिवशी टेस्टर जुना रेडिओ घेऊन आला. ही त्याची स्वतःची युक्ती. दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवायचा, नुसती खरखर मंद ऐकू येते. कुठे वायरीत घाण आली, कुठे मोटरीने ठिणगी टाकली, की रेडिओ किंचाळतो. "दिवा मुका असतो, रेडिओ चहाडखोर," असं तो सांगायचा. तारेबद्दलही त्याला आता समजलं होतं. दिव्याला माणसाचं अंग लागलं की कळतं, आणि शिवणताईने तार जोडून दिव्याचं अंगच आतल्या खोलीपर्यंत लांबवलं होतं. एवढी लांब तार म्हणजे एरियलच झालं. हवेतलं वाट्टेल ते ती पकडणार.

रेडिओ टेबलावर ठेवून तो बसून राहिला. शिवणताई काजं करत होती. अर्धी सकाळ गेली. मग एकाएकी रेडिओ 'खर्रर' करून ओरडला, आणि त्याच क्षणी दिवा लागला.

"सापडला!" टेस्टर ताडकन उठला. "हलू नका, आलोच!"

रेडिओ कानाशी धरून, म्हातारा माणूस पोरासारखा, तो जिना उतरला. रस्त्यात लोक बघायला लागले, बघू देत. डावीकडे खरखर कमी, उजवीकडे जास्त. भिंतीला भिंत लागून फर्निचरवाल्याची कार्यशाळा होती, तिच्या दारात रेडिओ नुसता बोंबलायला लागला. आत एक नवंकोरं कटर उभं होतं, फळ्या कापायचं, मोटरीचा वेग कमीजास्त करता येणारं. फर्निचरवाल्याने ते बंद केलं, रेडिओ गप्प. चालू केलं, रेडिओ बोंबलला. टेस्टरने त्याला मिठी मारायचंच काय ते बाकी ठेवलं.

"कसली खुशी एवढी?" फर्निचरवाला अंगावरचा भुसा झटकत म्हणाला.

"भूत सापडलं! तुझ्या कटरमध्ये होतं. कधीचं आहे रे हे?"

"हे? हे आत्ता आणलं. शिवणताईची आई गेली ना, त्याच्या पुढच्या आठवड्यात. आणताना रस्ता अडला होता, कोण बोंबाबोंब झाली! त्याच्या आधी सगळं हातकरवतीने. खांदे मोडले माझे."

"आधी विजेवरचं काहीच नव्हतं?"

"एक ड्रिल होतं. ते कधीपासून मोडून पडलंय."

टेस्टरच्या हातातला रेडिओ एकदम जड झाला. कटर आई गेल्यानंतर आलं होतं. म्हणजे आता दिवा लागतो तो कटरमुळे. पण आई होती तेव्हा कटर नव्हतं, ड्रिल नव्हतं, फ्रीजचा काही संबंध नव्हता. तेव्हा दिवा लावणारं घरात एकच होतं. तो वर गेलाच नाही. खालूनच ओरडून सांगितलं, "ताई, उद्या येतो, सामान लागेल," आणि तडक घर गाठलं.

घरी ताटावर बसला तरी घास उतरेना. बायकोने विचारलं, त्याने सगळं सांगितलं. तारेपासून कटरपर्यंत.

"एवढंच कळत नाही," तो म्हणाला, "म्हातारी दिवा लावायची, तर मग काही मागायची का नाही? आणि हात बाजूला का घ्यायची?"

बायको त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला खरंच कळत नाही?"

"काय?"

"मी दिवसातून किती वेळा 'अहो' म्हणून हाक मारते तुम्हाला?"

"मोजायला गेलो तर धंदा बुडेल."

"आणि तुम्ही येऊन 'काय?' म्हणता, मी म्हणते, 'काही नाही.' खरंच काही नसतं, अहो. माणूस आहे ना घरात, एवढंच बघायचं असतं. ती बोलू शकत असती तर हाक मारून 'काही नाही' म्हणाली असती. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसती बघायची. आणि लेकीच्या कामात खोळंबा केला म्हणून लाजून हात काढून घ्यायची. त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

टेस्टरने ताट बाजूला सारलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, हाक कशाला मारली ते बायको विसरते.

"मग आता तिला काय सांगू?"

"खोटं सांगा. म्हणा, दिवा पहिल्यापासून बिघडलेला होता. जगू द्या तिला."

ते टेस्टरला पटलं. खोटं बोलणं त्याला परकं नव्हतं. 'पाच मिनिटांत पोहोचतो' हे तो रोज सांगायचा. दुसऱ्या दिवशी जाताना त्याने फर्निचरवाल्याला बजावलं, "मी वर आहे तोवर कटरला हात लावू नकोस. वायरीतली घाण अडवणारा फिल्टर बसवायचाय, शांत लाईन लागेल." तो म्हणाला, "बरं झालं, चहा तरी निवांत होईल."

शिवणताई वाटच बघत होती. टेस्टरने पिशवी टेबलाखाली ठेवली, रेडिओ टेबलावर ठेवून चालू केला, फ्रीजचा प्लग काढला, घसा साफ केला आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

"ताई, दोष सापडला. दिव्याच्या आतली चकती मुळातच कच्ची. कारखान्यातूनच तशी आलेली. ती लहरीनुसार लागते. पहिल्या दिवसापासून अशीच असणार. तेव्हाही आपोआप, आताही आपोआप. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आज मी एक फिल्टर घालून देतो, की मिटलं."

शिवणताईने डोळे मिटले. खांदे खाली आले. एक क्षण तिचा चेहरा असा झाला की टेस्टरला वाटलं, हे खोटं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. मग तिने डोळे उघडले.

"आज शेजारचा आवाज नाही येत," ती म्हणाली.

"हो, मीच बंद ठेवायला सांगितलंय ते कटर." आणि शब्द तोंडातून गेले. ही टकळी! एवढी वर्षं बायको कानीकपाळी ओरडतेय.

"का?"

"म्हणजे... शांत लाईन..."

"चकती कच्ची असेल तर कटर कशाला बंद हवं?" शिवणताई शिवणारी बाई होती, टाका सुटला की तिला लगेच दिसायचा. "दादा, दिवा कटरमुळे लागतो ना?"

टेस्टर रेडिओची कळ उगाच फिरवत बसला.

"ते कटर आई गेल्यावर आलं. मी खिडकीतून बघितलंय उतरवताना." ती हळूच मशीनच्या खुर्चीत बसली. "म्हणजे तेव्हा दिवा वेडा नव्हता."

"ताई..."

"तीच होती. प्रत्येक वेळी तीच होती."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. टेस्टरला रडू फुटेल की काय असं झालं, म्हणून त्याने बायकोचं बोलणंच पुढे केलं. 'अहो'चं, 'काही नाही'चं, लाजून हात काढून घेण्याचं, सगळं जसंच्या तसं. "ती दुखतंय म्हणून बोलवत नव्हती, ताई. नुसतं तुम्हाला बघायला बोलवत होती."

हे ऐकून तिला बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. कसलं बरं! शिवणताईने तोंडावर टेपसकट दोन्ही हात घेतले आणि ती इतकी रडली की भिंतीवरचे ते बाह्या नसलेले कोटही ऐकत असतील. "पाणी नको होतं, कूस नको होती, मी नुसती हवी होते," ती म्हणत होती. "दहा पावलांवर होते मी. दहा पावलांवर, दादा! आणि मी काय म्हणाले, मेला दिवा वेडा. आणि शेवटचा तर मी या हाताने विझवला."

टेस्टर उभाच राहिला. त्याच्या पिशवीत या दोषावर काही नव्हतं.

आणि दिवा लागला.

टेस्टरने आधी रेडिओकडे पाहिलं. रेडिओ आपला मंद खरखरत होता, एक किंकाळी नाही. तो खिडकीशी धावला. खाली फर्निचरवाला कार्यशाळेच्या बाहेर बाकावर बसून चहा पीत होता, मागे कटर बंद, त्यावर फडकं टाकलेलं. फ्रीजचा प्लग जमिनीवर होता. आतल्या खोलीत कुणी नव्हतं. दिवा मात्र जळत होता, मंद, पिवळा.

टेस्टरच्या मानेवरचे उरलेसुरले केस उभे राहिले. पण पुढच्याच क्षणी त्याला सुचलं आणि तो जवळजवळ ओरडला, "बघा! ताई, बघा! कटर बंद, रेडिओ गप्प, तरी लागला! म्हणजे खरंच लागतो आपोआप! कारण नसताना लागतो! मी उगाच कटरच्या मागे लागलो होतो. तेव्हाही असाच लागत असणार! सुटलात, ताई, सुटलात तुम्ही!"

हे खोटं नव्हतं. हिशोबाने बघितलं तर अगदी बरोबर होतं. फक्त बोलताना तो दिव्यापासून दोन पावलं मागे सरकला होता.

शिवणताईने ओढणीने डोळे पुसले. दिव्याकडे पाहिलं, मग टेस्टरकडे. कितीतरी दिवसांनी ती हसली, अगदी थोडं.

"तुम्ही फार चांगले आहात, दादा," ती म्हणाली. "दोष असेल तर दोष असू दे. आई असेल तर आई असू दे. मला आता जायला हवं."

तिने समोरची सुई टाचण्यांच्या गादीत खोचली, गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली, ओढणी सारखी केली. "आले गं," ती आतल्या दाराकडे बघून म्हणाली, आणि गेली.

टेस्टर बाहेरच्या खोलीत एकटा राहिला. आतून शिवणताईचा आवाज येत होता, साधा, रोजचा. त्या कोटाची बाही शेवटी कशी बसली, गिऱ्हाईक काय म्हणालं, कापड कसं निसटत होतं. असलं काहीबाही ती सांगत होती. उत्तरासाठी मधे मधे थांबत होती, मग पुढे बोलत होती. मग आवाज थांबला. टेस्टरने फिल्टर पिशवीतून काढला होता, तो परत पिशवीत टाकला. खिशाला अडकवलेला टेस्टर काढलाच नाही. काय तपासणार?

तेवढ्यात दिवा मोठा झाला. मंद होता, तो मध्यम झाला.

त्याने रेडिओकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मग त्याला समजलं. हे भूत नव्हतं. आत कुणीतरी कात्रीवर हात ठेवला होता. आई ठेवायची तसा ठेवून बघितला होता. पलीकडून बघितलं तर कसं वाटतं ते.

दिवा अजून मोठा झाला. आता लख्ख.

आणि मशीनच्या खुर्चीत कुणी नव्हतं. दिवा बघायला त्या घरात टेस्टरशिवाय दुसरं माणूस नव्हतं. पिशवी उचलून जिना उतरणं सोपं होतं. खाली दुसरी कामं थांबली होती, एका घरचा पंखा सकाळपासून बंद होता.

त्याने रेडिओ बंद केला. "आलो, ताई," तो मोठ्याने म्हणाला, आणि आत गेला.

शिवणताई पलंगाच्या कडेवर बसली होती. त्याची चाहूल लागताच तिने कात्रीवरचा हात पटकन बाजूला घेतला.

"काय हवंय?" टेस्टरने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

"बरं," टेस्टर म्हणाला, आणि स्टूल ओढून घेऊन बसला.